एमपी३नं तानपुरा मारला म्हणे!

नारायणपेठी
काल एका सभासदानं लिहिलं, 'कॉम्प्रेशन म्हणजे चोरी. एमपी३ दहा भाग फेकतं नि एक भाग हातात देतं. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात रात्र काढलेल्या माणसाला हे लगेच कळतं.' वाचून राहवलं नाही.

हिशोब मान्य. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, म्हणजे १,४११ किलोबिट. १२८ची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३ त्याच्या अकराव्या हिश्शाची. पण कापलं काय, ते बघा की. घरात मिक्सर चालू असला की दारावरची बेल ऐकू येत नाही. बेल वाजलेली असते, कान ती घेत नाही. एनकोडर, म्हणजे फाइल आवळणारा प्रोग्राम, अशा झाकल्या गेलेल्या जागा शोधतो आणि तिथले आकडे ढोबळ करतो. त्यातून होणारी खरखर मोठ्या आवाजाखाली दबते.

दुसरं म्हणजे, फाइल उलगडायची कशी एवढंच एमपी३च्या मानकात बांधलेलं आहे. आवळायची कशी, ते एनकोडर लिहिणाऱ्यावर सोडलंय. म्हणून सुरुवातीच्या एनकोडरची १२८ आणि आजच्या लेम या एनकोडरची १२८ ऐकायला सारखी नाही. भाजी करपली तर कढईला शिव्या घालू नका.

जवारी
तो सभासद मीच. वीस वर्षं तानपुरा लावतेय. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर सरकला तरी वरचे स्वर बदलतात, आणि गाणारा त्या वरच्या स्वरांवरच टेकलेला असतो. कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी बिट दिले की, तेच स्वर पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे येतात-जातात. 'कान घेत नाही' हे ठरवलं कुणी? एमपी३ घडवणाऱ्यांतले ब्रांडेनबुर्ग सुझान वेगा या गायिकेचं साथीविना गाणं लावून एनकोडर तपासत होते. त्या खोलीत तानपुरा नव्हता.

नारायणपेठी
हार्पसिकॉर्ड होता, कॅस्टनेट होते. चाचण्यांना मुद्दाम अवघड वाद्यंच घेतात. तुम्ही नेमक्या कुठल्या बिटरेटची फाइल ऐकलीत ते सांगा, नाहीतर बोलणं थांबवू.

कसब्याचा ताशा
दोघंही थांबा. ताशाची फाइल ऐका, टिपरी पडायच्या आधीच 'फस्स' येतं. एमपी३ १,१५२ नमुन्यांचा गठ्ठा बांधतं, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. ठोका गठ्ठ्याच्या शेपटाला पडला तर खरखर पुढेमागे पसरते. नंतरची ठोक्याखाली दबते, आधीची उघडी पडते. चांगला एनकोडर ठोका ओळखून गठ्ठा लहान करतो, म्हणजे सगळं एनकोडरवर आहे हे नारायणपेठींचं म्हणणं खरं आहे. पण पथकातल्या पोरांच्या फोनला ते कोण सांगणार?

आणि व्हिडिओचं तर बोलूच नका. अलका चौकात गुलाल उडाला की पडद्यावर नुसते चौकोन. एच.२६४ हे व्हिडिओचं कॉम्प्रेशन आधीच्या चित्रातला तुकडा उचलून 'हा एवढा सरकला' असं लिहून जागा वाचवतं. ध्वज सरकतो, ढोल सरकतो, तिथे जमतं. गुलालाचा प्रत्येक कण वेगळीकडे जातो, मग उचलणार काय? बिट संपतात, चित्र फुटतं. दरवर्षी घसा फोडून सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऐकत नाहीत.

कोथरूडची सून
तुमचं गठ्ठ्यांचं चालू द्या, माझं ऐका. सासऱ्यांच्या ४० कॅसेट होत्या, घरच्या बैठकींच्या. एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. मिळाली एक सीडी, सगळ्या फाइली ३२ किलोबिट, २२,०५० नमुन्यांच्या. कॅसेट परत मागितल्या तर म्हणे, 'आता कशाला हव्यात?' निम्म्या टाकून दिल्या होत्या. सासरे एका ध्वनिमुद्रणात मध्येच 'वा' म्हणतात. ती 'वा' आता डब्यातून आल्यासारखी येते.

नारायणपेठी
सेकंदाला २२,०५० नमुने घेतले की त्याच्या निम्म्याच्या, ११,०२५ हर्ट्झच्या, वरचं काहीच उरत नाही. त्यात कॅसेटची हिस्स, ती मागची सततची सरसर, असते. ती वरच्या-खालच्या सगळ्या सुरांत पसरलेली, त्यामुळे एनकोडरचे बिट तीच खाते. दुकानदारानं आधी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न कापणाऱ्या फाइलीत, मूळ प्रत ठेवायला हवी होती. हा गुन्हा मानकाचा नाही.

जवारी
ताई आपलं दुःख सांगतायत आणि तुम्ही मानकाची वकिली करताय! माझा मुद्दा हाच होता. 'ऐकू येत नाही' म्हणत लोक मूळ वस्तू फेकतात.

नारायणपेठी
हा मुद्दा तुमच्या पोस्टमध्ये नव्हता. पण मांडताय तर मान्य. मूळ फेकणारा माणूस माझाही शत्रू.

कोथरूडची सून
त्या फाइली फ्लॅक केल्या तर काही परत येईल का?

कसब्याचा ताशा
नाही हो. गेलेलं येत नाही, फक्त फाइल फुगते. उरलेल्या कॅसेट कुठे आहेत?

कोथरूडची सून
माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात. १९.

जवारी
ताई, त्या कुणालाही देऊ नका. आणि नारायणपेठी, काल रात्री माझ्याच रियाजाची फ्लॅक आणि लेमची ३२० नवऱ्याकडून लपवून लावून घेतली. दहापैकी पाचदा चुकले. ९६ला मात्र दहाच्या दहा ओळखले, तेवढं लिहून ठेवा.

नारायणपेठी
लिहिलं. ९६वर तानपुरा मीही ऐकणार नाही.

ताई, माझ्याकडे चालू कॅसेट डेक आहे. रविवारी सकाळी घेऊन येतो. तोवर कॅसेट लावून बघू नका. आतली फेल्टची बारीक गादी सुटली असेल तर टेप हेडला, म्हणजे डेकच्या वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही. हेडचा स्क्रू मी प्रत्येक कॅसेटला कानानं लावून घेईन, नाहीतर वरचे स्वर तिथेच जातात. ९६,००० नमुने, २४ बिट, फ्लॅक. एमपी३ नंतर, नातेवाइकांना पाठवण्यापुरती.

जवारी
रविवारी मीही येते. स्क्रू फिरवताना कान माझा लागेल.