'कायनेज' नेमके कशाला म्हणायचे?

पाटीपेन्सिल : वडिलांच्या रक्ताच्या रिपोर्टात 'क्रिएटिन कायनेज', हार्ट अटॅकचं इंजेक्शन 'स्ट्रेप्टोकायनेज', आणि लेकीच्या पुस्तकात 'प्रोटीन कायनेज'. तिन्हींत कायनेजचा अर्थ एकच आहे का? शिवाय पुस्तक म्हणतं, 'कायनेज आपले लक्ष्य ओळखते.' रेणू कसा काय ओळखणार?

विरजण : एकच नाही. मूळ ग्रीक 'किनेइन', म्हणजे हलवणे. सिनेमाही त्याच घरातला. पूर्वी निष्क्रिय विकराला (एन्झाइमला) कामाला लावणाऱ्या घटकाला कायनेज म्हणत. पावलोव्हच्या प्रयोगशाळेत नाव मिळालेलं आतड्यातलं एन्टेरोकायनेज हे तसलं. ते निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनचा तुकडा कापून ट्रिप्सिन हे पाचक विकर तयार करतं. स्ट्रेप्टोकायनेज याच जुन्या वळणाचं. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाला चिकटून त्याला गुठळी विरघळवायला लावतं, फॉस्फेटशी त्याचा संबंध नाही.

आजचा अर्थ काटेकोर आहे : बहुधा एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) टोकाचा फॉस्फेट काढून दुसऱ्या रेणूवर चढवणारं विकर. क्रिएटिन कायनेज तो क्रिएटिनवर चढवतं, प्रोटीन कायनेज प्रथिनावर. म्हणजे तुमच्या यादीतलं इंजेक्शन तेवढं नावापुरतं कायनेज.

पेशीवाला : 'ओळखणे'बद्दल. प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, घ्या. फॉस्फेट चढतो प्रथिनाच्या साखळीतल्या सेरीन किंवा थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर, पण त्यांच्या अलीकडे एक जागा सोडून लागोपाठ दोन आर्जिनिन (तेही अमिनो आम्लच) असलेली ठिकाणं पीकेएला आवडतात. आर्जिनिन धनभारित, आणि पीकेएच्या खाचेत ऋणभारित ग्लुटामेट. तेवढ्यानं ती साखळी नीट बसते. पेशीचक्र (पेशीच्या विभाजनाचं चक्र) चालवणाऱ्या सीडीके नावाच्या कायनेजना मात्र सेरीनच्या लगेच पुढे प्रोलिन हवं असतं.

पण असे चार-पाच अमिनो आम्लांचे तुकडे ढिगानं सापडतात, नुसत्या त्यांवर भागत नाही. सीडीकेचा जोडीदार सायक्लिन हे प्रथिन लक्ष्य-प्रथिनाला दुसऱ्याच ठिकाणी धरून ठेवतो. पीकेएला एकेएपी नावाची प्रथिनं पेशीत ठरावीक जागी बांधून ठेवतात, मग शेजारी असेल त्याचाच नंबर लागतो. जीएसके-३ हे कायनेज तर आणखी नखरेल : पुष्कळदा चार जागा पुढे दुसऱ्या कायनेजनं आधीच फॉस्फेट लावलेला असावा लागतो.

विरजण : म्हणजे 'ओळखते' ऐवजी 'जुळते' म्हणावं?

पेशीवाला : माझं मत 'ओळखते'च ठेवा, फक्त ओळखणं आणि फॉस्फेट चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगा. पीकेआय नावाचं छोटं प्रथिन पीकेएच्या खाचेत अगदी चपखल बसतं, दोन्ही आर्जिनिन जागच्या जागी. पण सेरीनच्या ठिकाणी ॲलनिन. फॉस्फेट लावायला जागाच नाही! कायनेज अडकून बसतं.

पाटीपेन्सिल : आणि फॉस्फोरिलेज? तेही फॉस्फेट लावणारंच ना?

विरजण : तिथंच सगळे घसरतात. फॉस्फोरिलेज फॉस्फेट वापरून ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) तोडतं. त्या फॉस्फोरिलेजवर फॉस्फेट चढवणारं ते फॉस्फोरिलेज कायनेज, आणि तो उतरवणारं फॉस्फेटेज. हा चढ-उतार एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिएटलमध्ये 1950च्या दशकात उलगडला. नोबेल मिळालं 1992मध्ये.

पेशीवाला : औषधाच्या नावात शेवटी 'टिनिब' दिसलं तर ते टायरोसिन कायनेज (टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारं) रोखणारं समजा. इमॅटिनिबला 2001मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते लक्ष्य-प्रथिनाची जागा अडवत नाही, एटीपीची अडवतं.