विषय: बाबांचा नाशिकचा एसी आणि इथली फर्नेस

न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आईबाबांच्या बेडरूमला हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी आहे. सध्या नीट गार करत नाही, आणि परवा आतल्या युनिटमधून पलंगावर पाणी टपकलं. मेकॅनिक येऊन "गॅस भरावा लागेल" म्हणून गेला. बाबांना धुळीची ॲलर्जी, त्यामुळे जाळीवर चिकटवायची हेपा शीट (अगदी बारीक कणही अडवणारा घट्ट कागद) ऑनलाइन मागवावी असं डोक्यात आहे. हिवाळ्यात ते इकडे येतील, तेव्हा आमच्या फर्नेसला, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीला, कुठला फिल्टर लावू? काका, तुम्ही आता नाशिकलाच असता. एकदा बघून याल का?

उत्तर, पेनसिल्व्हेनियाहून

फर्नेसला सरळ मर्व 13 लाव (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा), विषय संपला. जून 2023 मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर आला तेव्हापासून आम्ही दुसरं काही वापरत नाही. इथली सरकारी पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा तेच सांगते.

उत्तर, नाशिकहून

अगं, काल संध्याकाळी जाऊन आलो. आईने चिवडा पुढे केला, तो संपवूनच एसीचं झाकण उघडलं. जाळी टॉर्चसमोर धरली तर उजेड पलीकडे येईना. सिंहस्थाच्या कामांसाठी इथे रस्ते उकरून ठेवलेत, खिडकी तासभर उघडी राहिली तरी टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येतं. एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो, पण खिडकीतून आलेली धूळ शेवटी त्याच जाळीत जाते.

पाण्याचं कारण बहुधा हेच. जाळी तुंबली की मागच्या कॉइलवरून, म्हणजे गॅसच्या गार नळ्यांवरून, हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळताना पाणी ट्रेबाहेर सांडतं. गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो, त्यामुळे मेकॅनिक खोटंच बोलला असं मी म्हणणार नाही. पण जाळी न बघता गॅसवर उडी मारली हे काही बरं नाही. गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरला तर पुन्हा तेच बिल.

मी कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवला आणि बर्फ उतरू दिला. जाळ्या साध्या पाण्याखाली मागच्या बाजूने धुतल्या, म्हणजे धूळ आत न दबता बाहेर पडते. मग पंख्याखाली वाळवल्या. उन्हात टाकू नका, चौकट वाकते आणि खाचेत बसत नाही. ड्रेनचा पाइपही मोकळा करून घेतला. आता गार होतोय. पुन्हा बर्फ दिसला तर मेकॅनिकला बोलवा, गेज लावून दाब दाखवायला सांगा आणि गळती कुठे आहे ते आधी विचारा.

हेपा शीट अजिबात नको. स्प्लिटमधला तो लांबट ब्लोअर मोकळ्या वाटेने हवा भरपूर फेकतो, पण अडथळा आला की त्याचा जोर राहत नाही. शीट लावलीस तर पलंगावर पुन्हा पाणी. जाळी असते ती मशीनसाठी: केस, कापसासारखी धूळ अडते, बारीक कण आरपार जातात. बाबांच्या नाकासाठी खोलीच्या मापाचा वेगळा एअर प्युरिफायर घे.

आणि डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की इथे हीटिंग लागेल, तेव्हाही तीच जाळी. गरम मोडमध्ये आतली कॉइल उष्णता सोडते. हवा कमी पडली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसरवरचा दाब चढतो. तेव्हा हिवाळ्यात जाळी विसरून चालणार नाही.

आता फर्नेस. दादा, ईपीएचं वाक्य पूर्ण वाचा: मर्व 13, किंवा तुमचा पंखा आणि फिल्टरची खाच पेलेल तेवढा वरचा. भांडण त्या उत्तरार्धाचं आहे. मर्व 8 चा फिल्टर 3 ते 10 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान 70 टक्के कण धरतो, परागकण आणि घरची धूळ त्यात येते. मर्व 13 अगदी बारीक, 0.3 ते 1 मायक्रॉनचेही निम्मे तरी धरतो, म्हणून धुरात तो कामाचा. पण एक इंची चौकटीत घट्ट कागद बसवला आणि फर्नेस जुनी असली, तर हवा अडते, आतला भाग तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. बाहेर बर्फ पडत असताना फर्नेस चालू-बंद, चालू-बंद. चार इंची फिल्टरची जागा असेल तर प्रश्न कमी, कारण कागदाला घड्या जास्त असतात आणि हवेला वाट मोठी मिळते.

बाण ब्लोअरकडे तोंड करून बसव. एक इंचीला दर महिन्याला बघ, तीन महिन्यांपलीकडे ठेवू नकोस. आणि थर्मोस्टॅटवर फॅन "ऑटो" असेल तर फर्नेस थांबली की गाळणंही थांबतं. बाबा असतील तेव्हा दिवसा "ऑन" ठेव.

उत्तर, न्यू जर्सीहून

काका, किती आभार मानू! खाचेवर 16 × 25 × 1 लिहिलंय, म्हणजे एक इंचीच. फर्नेस घराबरोबर आलेली, जुनीच असणार. आई म्हणते जाळी दर रविवारी धुऊन टाकू.

उत्तर, नाशिकहून

मग मर्व 8 लाव आणि बाबांच्या खोलीत तिकडेही प्युरिफायर ठेव. वरचा फिल्टर लावायचाच असेल तर एचव्हॅकवाल्याकडून, म्हणजे फर्नेस-एसीचं काम करणाऱ्याकडून, आधी स्टॅटिक प्रेशर (हवा ढकलताना पंख्याला होणारा अडथळा) मोजून घे. इथे दर पंधरा दिवसांनी धुतलं तरी पुरे, रस्त्याचं काम दारात असेपर्यंत आठवड्याने. फक्त बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस. काल मी पोचलो तेव्हा ते चढलेलेच होते. जाळी काढायला सोसायटीच्या वॉचमनला सांगून आलोय.