अनुभव धागा: अपग्रेड केलं आणि घरचा फायरवॉल धापा टाकायला लागला

रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना घरच्या फायरवॉलला (इंटरनेट आणि घरचं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी) अपग्रेड दिलं. चहा होईपर्यंत उरकेल असा हिशोब होता. भंगारात निघालेला छोटा पीसी, ४ जीबी रॅम, त्यावर ओपीएनसेन्स (फायरवॉल चालवणारी मोफत प्रणाली). अपग्रेड झालं, पण तेव्हापासून डबा तापतोय, रॅम ९० टक्क्यांवर, आणि संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास अडकत अडकत. अशा वेळी तुम्ही काय केलंत? कशाचा पश्चात्ताप झाला तेही लिहा. नवा डबा घ्या हा सल्ला नको, तो घरात रोज मिळतो.

—

रॅमचा आकडा बघून घाबरू नका. डिस्कवर झेडएफएस (फाइली साठवायची एक पद्धत) असेल तर ती मोकळी रॅम कॅशला, म्हणजे तात्पुरत्या साठ्याला, घेते आणि गरज पडली की सोडते. मी त्या आकड्यापायी रॅमची आणखी एक कांडी आणली, दुसऱ्या दिवशी तीही भरलेली! स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती वापरला जातोय ते बघा. शून्य असेल तर रॅमला दोष देऊ नका.

—

माझ्याकडे अपग्रेड चालू असताना लाइट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही होता, फायरवॉल नव्हता (आता उलटं आहे). परत सुरू झाल्यावर पंखा थांबेना. दोन दिवस मी नियमांमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी कन्सोलवर टॉप (कुठली प्रक्रिया किती प्रोसेसर खाते ते दाखवणारी आज्ञा) लावला तर पायथनची एक प्रक्रिया अख्खा कोर खाऊन बसलेली, नाव फ्लोडी अ‍ॅग्रिगेट. कुठलं यंत्र किती डेटा वापरतं याची नोंद ती सारखी डेटाबेसात घालते, आणि तो डेटाबेसच लाइट जाताना फाटला होता. रिपोर्टिंगच्या सेटिंगमध्ये नेटफ्लो डेटा (हीच वापराची नोंद) दुरुस्त करायचं बटण आहे, ते दाबलं आणि पाच मिनिटांत पंखा शांत. नंतर विचार केला, या नोंदीचे आलेख मी शेवटचे कधी पाहिले होते? स्थानिक नोंदच बंद करून टाकली.

—

सुरिकाटा (रहदारी तपासून हल्ले ओळखणारा प्रोग्राम) चालू आहे का? मी हौसेने सगळे नियमसंच टिकमार्क केले होते, तेही वॅनवर (इंटरनेटकडची बाजू). आमच्याकडे पब्लिक आयपीच (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही, इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच पत्ता) बसलोय. बाहेरून येऊन दार ठोठावणार कोण? आता फक्त लॅनवर (घरातली बाजू), मोजके संच, आणि पॅटर्न जुळवायला हायपरस्कॅन ही वेगवान लायब्ररी. आयपीएस (हल्ला नुसता ओळखून न थांबता अडवणारा प्रकार) वापरत असाल तर नेटवर्क कार्डाचं हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटचं काही काम कार्डानेच करणं) बंदच ठेवा.

—

आमचं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली), ६४ एमबी रॅमचा राउटर. २२.०३ आवृत्तीत फायरवॉल आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सवर (नियम लिहायच्या जुन्या पद्धतीवरून नव्यावर) गेला, हे मी वाचलंच नव्हतं. रात्री दहानंतर मुलाच्या फोनचं नेट बंद करणारा माझा जुना नियम आयपीटेबल्सच्या भाषेत होता. तो नुसता पडून राहिला, ना तक्रार ना काही. चिरंजीवांना पहिल्याच रात्री कळलं, मला पंधरा दिवसांनी. जाहिराती अडवायच्या यादीने रॅम संपत होती, ती छोटी केल्यावर राउटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा थांबला.

—

अपग्रेडआधी बीईसीटीएल या आज्ञेने बूट एन्व्हायर्नमेंट (प्रणालीची परत जाता येईल अशी प्रत) करून ठेवली होती का? मग मागे जाणं एका रीबूटचं काम. नसेल, तर पुढच्या खेपेला तरी करा.

—

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बूट एन्व्हायर्नमेंट केली नव्हती, ओरडा मान्य. स्वॅप शून्य निघाला. टॉपमध्ये तोच फ्लोडी सापडला, बंद केला. अनबाउंडमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा प्रोग्राम) माझ्याच नऊ ब्लॉकलिस्ट (अडवायच्या साइटच्या याद्या) होत्या, बहुतेक एकमेकींच्या नकला. दोन ठेवल्या. डब्याला आता हात लावता येतो.

क्लास मात्र अजून अडकतच होता. काल लॅपटॉपला केबल लावून बघितली तर झकास चालला. म्हणजे घोळ वायफायचा, आणि मी आठवडाभर अपग्रेडच्या नावाने खडे फोडत होतो. वायफायसाठी उद्या वेगळा धागा काढतो.