करार वाढवायचा नसेल तर दोन महिने आधी तोंडाने सांगा

जुळेसोलापूरची_ताई

परवा इथं विजापूर रोडच्या एका काकांनी लिहिलं होतं, "अकरा महिने झाले की भाडेकरू बदलायचा. करार का वाढवत नाही हे सांगायला आपण बांधील नाही. गोड बोलत बसलात की तो घर आपलंच समजायला लागतो." खाली चाळीसेक जणांनी मान डोलावली. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

आम्ही जुळे सोलापुरात एकाच घरात चार वर्षं आहोत. भाडं ८,५०० रुपये, डिपॉझिट ३०,०००. चार वर्षांत भाड्याने पाच तारीख ओलांडली नाही. दर वर्षी नवा करार, नोंदणीचा खर्च निम्मा निम्मा. आताचा करार ३१ मेला संपतोय. २ मेला रात्री साडेदहाला मालकांचा मेसेज आला: "यंदा रिन्यू करायचा नाही. महिनाअखेर घर मोकळं हवं." एवढंच. मालक खालच्याच मजल्यावर राहतात. त्याच सकाळी मी त्यांच्या दारातून दुधाची पिशवी घेऊन वर आले होते, मालकीणबाईंनी कैरी दिली होती.

घर त्यांचं आहे. मी अडून बसणार नाही. माझं भांडण त्या २९ दिवसांशी आहे. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच बाहेर पडून घर बघता येतं का? यजमान चिंचोळीला शिफ्टमध्ये, त्यामुळे संध्याकाळी दोन पोरं घेऊन मीच फिरतेय. धाकट्याचा आरटीईचा, म्हणजे राखीव मोफत शाळाप्रवेशाचा, अर्ज याच पत्त्यावर भरलाय, नोंदणीकृत करार जोडून. पडताळणीच्या आत पत्ता बदलला तर पुढं काय, हे कुणी धड सांगेना. थोरलीची शाळा, तिची रिक्षा, शिकवणी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

मार्चमध्ये सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? करार संपायची तारीख त्यांच्याही कागदावर होतीच की.

विजापूररोड_निवृत्त

ताई, ते लिहिणारा मीच. तुमचा राग समजतो, पण माझंही ऐका.

नोकरी संपल्यावर फंडाच्या पैशातून वरचा मजला बांधला. २०१८ साली एका कुटुंबाला दिला. पुढच्या वर्षी मुलगा परत येणार म्हणून तुम्ही म्हणता तसंच केलं. तीन महिने आधी वर गेलो, चहा घेतला, समजावून सांगितलं. "हो काका, तुम्ही काळजी करू नका." मग मुलीची दहावी आली. मग आईचं ऑपरेशन. मग पावसाळ्यात सामान भिजेल म्हणून थांबा. मुदत संपल्यावर चौदा महिने ते तिथेच होते. शेवटचे पाच महिने भाडंही नाही. माझा मुलगा बायकोला घेऊन आला तो खालच्या हॉलमध्ये गादी टाकून राहिला.

तोंडाने सांगितल्याचं मला हे फळ मिळालं. म्हणून आता गोड बोलत नाही.

आणि पाणी. करारात माणसं चार होती, राहायला नऊ. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, हौद ३,००० लिटरचा. तिसऱ्या दिवशी हौदात बादली खडखडायची. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, ती कॅन घेऊन शेजारी जायची.

कोर्टगल्ली

ताई आणि काका, दोघांनीही कायदा अर्धाच धरलाय.

राहण्यासाठीच्या लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर नुसतं वापरायला देण्याच्या कराराला, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ लागतं. मुदत संपली की ताबा द्यायचा. कारण विचारायचा प्रश्न नाही, मुदत संपल्याची वेगळी नोटीसही लागत नाही. ताबा दिला नाही तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहाल त्याची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने. पण काका, कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं हे मालकाच्या हातात नाही. आदेश आणावाच लागतो.

मालकांसाठी कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोलापुरात अजून निम्मे लोक ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून करार झाला म्हणतात. माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांना काय सांगावं कळत नाही.

आणि ते अकरा महिन्यांचं खूळ सोडा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून लोक अकरा महिने धरतात. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सुटत नाही. मग ३६ महिन्यांचा करा ना. मुद्रांक ०.२५ टक्केच, शहरात नोंदणी फी १,००० रुपये, तीही एकदाच. मुदतीआधी सोडायचं असेल तर दोन महिन्यांच्या नोटिशीचं कलम घाला, दोघांनाही लागू. ताईंचा प्रश्न त्या एका ओळीत सुटला असता.

साखरपेठ_वाडा

भाडेकरूंवर अन्याय होतो हे वाचून मला राहवलं नाही. आमचा वाडा आजोबांच्या काळापासून. चार बिऱ्हाडं, एकेकाचं भाडं ९० रुपये. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ, म्हणजे ९३ रुपये ६० पैसे. महापालिकेचा कर भरायला चारही बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं पुरत नाही. दोन बिऱ्हाडांची स्वतःची घरं होटगी रोडला आहेत, इथं फक्त कुलूप. आमच्या वडिलांनी एकदा रागाने नळ तोडला, तर कलम २९ आडवं आलं, पाणी परत जोडून द्यावं लागलं. ते गेले तेव्हा केस चालूच होती. आता पावसाळ्यात मागची भिंत फुगते आणि दुरुस्तीची नोटीस मला येते.

मला दोन महिने कुठे मागता? आम्ही तीन पिढ्या दिल्या.

कोर्टगल्ली

वाडेवाले, तुमचं दुःख खरं आहे, पण तुमची बिऱ्हाडं जुनी भाडेकरू, ताईंचं लायसन्स. दोन्ही एकत्र कालवू नका. वापर बंद असेल, तर कलम १६ मध्ये ते कारण आहे.

साखरपेठ_वाडा

कारण आहे हो. तारखाही आहेत.

पूर्वभाग_टॉवेल

विजापूर रोडवाले काका, नऊ माणसं नऊ माणसं काय सांगालालाव? आमच्याकडे दत्त नगरला एका खोलीत सात जण राहतो. आई विड्या वळते, मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर. आमचा करार तोंडीच, कागद नाही. मालक पाणी सोडतो तेच रात्री अडीचला, तेही अर्धा तास. चार निळी पिंपं भरेपर्यंत खालच्या चावीने नळ बंद. त्याच्या टाकीवर झाकण, झाकणाला कुलूप. पाणी महापालिकेचं, आणि कुलूप याचं, हे कुठलं बे?

विजापूररोड_निवृत्त

बे-बे करून बोलू नका. माझं वय ६८ आहे. आणि मी टाकीला कुलूप लावलेलं नाही, तुमच्या मालकाचा राग माझ्यावर काढू नका. मोटार माझी, तिचं वीजबिल माझं, हौद धुतो मी. उन्हाळ्यात टँकर मागवला तर पैसे मी देतो. भाडेकरू वॉशिंग मशीन दिवसातून दोनदा लावतो आणि अंगणात पाणी मारतो.

पूर्वभाग_टॉवेल

"बे" मागे घेतो. आमच्याकडे घरात पण तसंच बोलतात, तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. बाकीचं मागे घेत नाही. भाडं घेताना "पाण्याची सोय आहे" म्हणून ५०० जास्त घेता ना? मग सोय करा.

होटगीरोड_सोसायटी

पाण्याचं निघालंच आहे तर बोलतो. मालक-भाडेकरू भांडतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. उजनी धरण आहे, टाकळीहून नदीचं पाणी आहे, हिप्परगा तलाव आहे, आणि घरात पाणी चार-पाच दिवसांआड. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी हा शब्द ऐकत माझी मुलगी पहिलीतून कॉलेजला गेली. रोज तासभर पाणी येत असतं तर विजापूर रोडच्या काकांना नऊ माणसं खुपली असती का? आमच्या सोसायटीत बैठकीत ठरलं, भाडेकरूंच्या फ्लॅटला टँकरचा जादा हिस्सा. मी विरोध केला, एकटा पडलो. पाणी काय मालकाच्या घशाला जास्त लागतं?

पाचवादिवस

आमच्याकडे तर सहावा. आणि पहिली दहा मिनिटं गढूळ, ती गटारात सोडावी लागतात. पिंपाच्या बुडाला दोन बोटं गाळ बसतो, दर पंधरा दिवसांनी काथ्याने घासायचा. हे काम भाडेकरूचं असो की मालकाचं, करते घरातली बाईच.

होटगीरोड_सोसायटी

बरोबर. आणि वेळापत्रक पाळलं जात नाही. चार रात्री जागून पाचव्या दिवशी कळतं की लाइन फुटली.

विजापूररोड_निवृत्त

गेल्या महिन्यात आमच्याकडे तेच झालं. आठव्या दिवशी आलं.

पूर्वभाग_टॉवेल

बघा काका, या एका गोष्टीत तुम्ही-आम्ही एकाच नळाखाली.

जुळेसोलापूरची_ताई

सगळ्यांनी पाण्यावरच मुक्काम ठोकलाय. पाणी मलाही कळतं, माझ्याकडे पाच पिंपं आहेत आणि ती मीच घासते. पण माझा प्रश्न पिंपाचा नाही, ३१ तारखेचा आहे.

आणि एक सांगते, जे कुणी लिहीत नाही. आठ दिवसांत अकरा घरं बघितली. त्यातल्या सहा ठिकाणी भाड्याच्या आधी आडनाव विचारलं. एका ठिकाणी आडनाव सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मूळ गाव कुठलं? म्हणजे कुणातले?" मी चप्पल घालून निघाले. दुसरीकडे घर आवडलं, बोलणं झालं, संध्याकाळी फोन आला की मुलाला द्यायचं ठरलंय. तीन दिवसांनी त्याच घरावर "भाड्याने देणे आहे" तशीच पाटी. २९ दिवसांत घर शोधा म्हणणाऱ्यांनी हे सहा दरवाजेही मोजावेत.

साखरपेठ_वाडा

आडनावाचं प्रत्येक जण विचारतो असं नाही. आम्ही नाही विचारत.

पूर्वभाग_टॉवेल

तुम्ही नवीन भाडेकरू ठेवतच नाही, विचारणार कधी? ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. मला तर आडनाव सांगायच्या आधी बोलीवरूनच ओळखतात आणि सांगतात, "तुमच्या भागातच बघा."

विजापूररोड_निवृत्त

दोनदा लिहून खोडलं. तरी लिहितो.

आडनाव मीही विचारतो. विचारतो, कारण आमचे वडील विचारायचे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तो विषय माझ्यापुरता इथे थांबवतो.

ताईंच्या मुद्द्यावर मात्र माझा राग चौदा महिन्यांच्या त्या माणसावर होता आणि मी तो सगळ्या भाडेकरूंवर काढला. चार वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला रात्री साडेदहाला मेसेज करणं बरोबर नाही. जिना चढून जायला दोन मिनिटं लागतात. पण कारण सांगायला मी बांधील नाही, हे मी सोडणार नाही. मुलगा येणार असेल, घर विकायचं असेल, नाहीतर पटत नसेल, ते माझं मी ठरवणार.

माझ्याकडे आता जे राहतात त्यांचा करार ऑगस्टमध्ये संपतो. उद्या सकाळी वर जाऊन सांगतो. आणि त्यांच्याकडून सोडायची तारीख लेखी घेतो, सहीसकट. नुसता चहा घेऊन परत येणार नाही.

जुळेसोलापूरची_ताई

लेखी घ्या काका, नक्की घ्या. मीही सही करून दिली असती. कारण मी मागतच नव्हते.

कोर्टगल्ली दादांना एक विचारायचं होतं. नोटीस लागतेच अशा समजुतीत मी होते, ते चुकलं, मान्य. पण डिपॉझिटचं काय? आमचे मालक म्हणतात रंगाचे १२,००० कापणार. चार वर्षांत आम्ही एक खिळा ठोकला, तोही कॅलेंडरसाठी.

कोर्टगल्ली

करारात रंगाची अट आहे का ते आधी बघा. वापराने भिंत मळते ते नुकसान धरत नाहीत, अट नसेल तर कापायला आधार नाही. चाव्या देण्याआधी मालकांना बरोबर घेऊन सगळ्या खोल्यांचे व्हिडिओ काढा, वीजमीटरचं रीडिंग त्यात येऊ द्या. डिपॉझिट हातात पडल्याशिवाय चाव्या देऊ नका असं लोक सांगतील, ऐकू नका. मुदतीनंतर एक दिवस राहिलात तरी दुप्पट दराचा हिशोब तुमच्यावर येतो. ताबा तारखेला द्या, ताबापावती लिहून घ्या, आणि उरलेल्या पैशासाठी लेखी मागणी करा.

जुळेसोलापूरची_ताई

व्हिडिओ काढते. अट नाही, आत्ताच करार काढून बघितला.

घर मिळालंय. सैफुलच्या पुढं, भाडं १,२०० ने जास्त, रिक्षाचं वेगळं. करार २४ महिन्यांचा मागितला आणि दोन महिन्यांच्या नोटिशीची ओळही, दोघांना लागू. मालकीण एकट्याच राहतात, त्यांनी वाचून लगेच हो म्हटलं. टेम्पो ३० तारखेचा ठरवलाय. त्या भागात पाणी कुठल्या दिवशी सुटतं, कुणी राहत असेल तर सांगा. २९ला आलं तर पिंपं आधी पाठवते, ३१ला येणार असेल तर इथूनच भरून न्यावी लागतील.

पाचवादिवस

सैफुलला माझी बहीण राहते. काल रात्री आलं होतं. मोजून घ्या, आणि दोन पिंपं तरी भरूनच न्या.