गेमिंगसाठी माउस घ्यायचाय, बजेट १५००, मनगट लई दुखायलंय

जिंतूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी जिंतूरचा, दिवसभर सेवा केंद्रावर बसतो, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म आन पीक विम्याची गर्दी चालू झाली की सकाळी नऊला हात माउसवर ठेवला ते रात्री आठपर्यंत निघतच नाही. घरी आल्यावर जेवण झालं की दीड-दोन घंटे व्हॅलोरंट हा बंदुकीचा ऑनलाइन गेम खेळतो, तेवढाच एक नाद आहे.

घरचा माउस मागच्या दिवाळीला ऑनलाइन घेतला होता साडेचारशेचा, डब्ब्यावर मोठ्या अक्षरात ७२०० डीपीआय (माउस इंचभर सरकवला की पॉइंटर किती ठिपके पळतो तो आकडा) लिहिलेलं आन सात रंगाची लाइट. आता दोन तकलीफ आहेत. एक म्हणजे एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय, फाइल धरून ओढली तर मधीच सुटती. दुसरं म्हणजे उजवं मनगट दुखायलंय, आन अंगठा आन त्याच्या शेजारच्या दोन बोटांत अधीमधी मुंग्या येतात. सेटिंग सांगतो, डीपीआय ३२०० आन गेममधी सेन्सिटिव्हिटी ०.५. कुणीतरी सांगितलं होतं की डीपीआय जितका जास्त तितका माउस चांगला.

टेबल जुनं कॉम्प्युटर टेबल आहे, खाली सरकणारा ड्रॉवर असतो ना, त्याच्यावरच कीबोर्ड आन माउस दोन्ही. बजेट १५००, फारच चांगलं असंल तर शंभर-दोनशे वर. कोणता घेऊ? सहा-सात हजाराचे सांगू नका, तेवढे माझ्याकडं नाहीत.

उदगीर_एफपीएस

भाऊ, माउसचं नंतर बघू, आधी तुझे आकडे बघ. ३२०० ला ०.५ नं गुण, १६०० आलं. ह्याला ईडीपीआय म्हणतात, म्हणजे गेममधला खरा वेग. व्हॅलोरंटचे बहुतेक प्रो प्लेअर २०० ते ४०० च्या मधी खेळतात. तू त्यांच्या चौपट ते आठपट वर आहेस.

सेंटिमीटरमधी सांगतो म्हणजे लक्षात येईल. तुझ्या सेटिंगवर माउस फक्त ८ सेंमी सरकवला की गेममधला माणूस पूर्ण एक चक्कर फिरतो. आठ सेंमी म्हणजे तुझी मूठ. ८०० डीपीआय आन ०.४ ला हीच चक्कर जवळपास ४१ सेंमीची होती. मंग सांग, आठ सेंमीत कुणाच्या डोक्यावर नेम धरायचा म्हणजे केसाएवढं हलवावं लागतंय, त्याला हात कडक धरावा लागतो आन सगळं काम मनगट करतं. दुखणारच की.

एकदम खाली येऊ नको, दोन दिवसात वैतागशील आन परत जुन्यावर जाशील. आजच ८०० डीपीआय कर आन गेममधी १.२ ठेव, आठवडाभर खेळ. मंग ०.८. मंग ०.५. तिथं आल्यावर पूर्ण चक्कर ३३ सेंमीच्या आसपास होईल आन हात कोपरापासून हलायला लागंल. आपसूक.

आता डब्ब्यावरचा डीपीआय. ७२०० असो नाहीतर २५०००, तू ८०० च वापरणार आहेस, मंग त्या आकड्याचे पैसे कशाला द्यायचे? लॉजिटेक जी१०२ डोळे झाकून घे. वायरचा आहे, ८५ ग्रॅम, ८००० डीपीआय, पोलिंग १००० हर्ट्झ म्हणजे दर मिलीसेकंदाला कॉम्प्युटरला खबर जाती. साध्या ऑफिसच्या माउसला बऱ्याचदा १२५ हर्ट्झ असतं, म्हणजे आठ मिलीसेकंदाला एकदा. माझ्या मामाच्या पोरानं सेलमधी १३०० ला घेतला.

सोल्डर_नांदेड

मी रिपेअरिंग करतो, रोज दोन-तीन माउस उघडतो त्यामुळं आतलं सांगतो. डबल क्लिक म्हणजे बटणाखालचा छोटा स्विच. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची एक बारीक पट्टी असते, दाबलं की खाली टेकते, सोडलं की उडते. घासून घासून आणि घामाची-धुळीची ओल लागून तिचा स्पर्श खराब होतो, पट्टीतला ताणही कमी होतो, मग एकदा टेकायच्या ऐवजी थरथरून दोनदा टेकते आणि कॉम्प्युटरला दोन क्लिक दिसतात. सॉफ्टवेअर टाकून हे बरं होत नाही. फुंकर मारून आठ दिवस चालेल, पुन्हा तेच. आणि हे महागाच्या माउसलाही होतं, फरक एवढाच की चांगल्या स्विचला उशिरा होतं.

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, हाताला घाम असतोच, वरून कूलरची दमट हवा. त्यामुळं चकचकीत प्लास्टिकचा माउस घेऊ नका, दोन महिन्यांत चिकट होतो. बाजूला खरखरीत पकड असलेला घ्या. आणि माउसच्या पोटाखाली जे पांढरे-काळे गुळगुळीत तुकडे असतात, पाय म्हणतो आम्ही, त्यांच्या कडेला धुळीची काळी रेघ बसते. आठवड्यातून एकदा नखानं ती काढा आणि कोरड्या कपड्यानं पुसा. अर्धी पोरं माउस जड चालतो म्हणून माझ्याकडं आणतात आणि ती रेघ काढली की खुश होऊन जातात.

वायरलेसचं विचाराल तर ह्या बजेटमध्ये नको. गेमला चालेल असा चांगला वायरलेस ह्याहून महाग पडतो.

उदगीर_एफपीएस

दादा, वायरलेसला एवढं पण नाही म्हणू नका. मी लॉजिटेकचाच वायरलेस जी३०४ वापरतो, एक पेन्सिल सेल लागतो, कंपनी २५० घंटे सांगते आन मला दीड-दोन महिने सहज जातो. वायर ओढायची कटकट नाही. पण हां, सेलसकट ९९ ग्रॅम होतो, आन साध्या अल्कलाइन सेलचं वजनच २३ ग्रॅमच्या आसपास. लिथियमचा सेल टाकला तर तो १५ ग्रॅमचा, हाताला लगेच कळतं. पैशाचं मात्र तुमचं खरं आहे, ह्या भावाच्या बजेटात बसत नाही.

छोटा_हात_संभाजीनगर

डोळे झाकून घे हा सल्ला मला मान्य नाही, मी तसाच घेतला होता आणि वर्षभर बोटं दुखवून घेतली. माझा हात १६.५ सेंमी, म्हणजे मनगटाच्या पहिल्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सगळे मित्र एका मोठ्या उजव्या हाताच्या माउसचं कौतुक करत होते म्हणून मी तोच मागवला. माझं बोट बटणाच्या मध्यापर्यंतच पोचायचं, चाक फिरवायला अख्खा हात उचलून पुढं न्यायला लागायचा. माउस वाईट नव्हता, माझ्या हाताचा नव्हता. नंतर जी१०२ घेतला आणि फरक पहिल्याच दिवशी कळला.

तर दादा, तुम्ही आधी हात मोजा, लांबी आणि चार बोटांच्या मुळाशी रुंदी. मग बघा माउस कसा धरता. तळहात पूर्ण टेकवून धरता का, तळहाताची मागची बाजू टेकून बोटं वाकवलेली असतात का, की फक्त बोटांच्या टोकांनीच हलवता. पाम, क्लॉ आणि फिंगरटिप म्हणतात त्यांना. तळहात टेकवणाऱ्याला लांब आणि पाठ उंच असलेला माउस लागतो, बोटांनी धरणाऱ्याला छोटा आणि हलका.

दुकान जवळ नसेल तर एक करा. जी१०२ ची लांबी ११.६ सेंमी आणि रुंदी ६.२ आहे, रेझर डेथअॅडर इसेन्शिअलची लांबी १२.७. वहीच्या पुठ्ठ्याचे ह्या लांबीचे दोन तुकडे कापा, त्यावर हात ठेवा आणि बोटं कुठं येतात ते बघा. उंची कळणार नाही पण लांबीचा अंदाज नक्की येतो. मी आता मैत्रिणींसाठी असंच करते.

फिजिओ_लातूर

मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे मुंग्यांचं वाचून थांबले. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ही सगळी एकाच नसेच्या हद्दीतली बोटं आहेत, मीडियन नर्व्ह. ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि तिथं दाब आला की ह्याच बोटांत मुंग्या येतात. करंगळीत येत असत्या तर नस वेगळी, अल्नर.

तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे तो ड्रॉवर. माउस अरुंद जागेत, मनगट ड्रॉवरच्या धारेवर टेकलेलं आणि हात वरच्या बाजूला वाकलेला, असं दिवसाचे दोन घंटे. त्याआधी केंद्रावरचे अकरा. नसेला तुम्ही फॉर्म भरताय का गेम खेळताय ह्याच्याशी घेणंदेणं नाही, तिच्यासाठी ते तेरा घंटे एकच काम आहे. कितीही चांगला माउस घेतला आणि धारेवर मनगट तसंच राहिलं तर पैसे वाया जातील.

कीबोर्ड-माउस ड्रॉवरवरून काढून वरच्या फळीवर घ्या. मग खुर्ची खाली वाटेल, तर बुडाखाली गादी किंवा घट्ट उशी ठेवा आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली देवघरातल्यासारखा एखादा पाट. कोपर साधारण काटकोनात आणि टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे, मनगट सरळ, वर वाकलेलं नाही. केंद्रावर फॉर्म भरताना एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जायला टॅब वापरा, मागे यायला शिफ्ट टॅब. दर रकान्याला माउस उचलायची सवय मोडली तर दिवसाकाठी शेकडो क्लिक वाचतील.

एक विचारते, रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येते का? हात झटकला की बरं वाटतं का? पेला धरताना सुटतो का? ह्यातलं एकही हो असेल तर माउसचं बाजूला ठेवा आणि परभणीला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हे लांबवायचं दुखणं नाही.

जिंतूरचा_पोरगा

ताई, रात्री जाग नाही येत आन पकड पण चांगली आहे. मुंग्या फक्त खेळून उठल्यावर येतात आन पाच-दहा मिनटात जातात. तरी विम्याची गर्दी सरली की दाखवून येतो, घरच्यांनी पण तुमचं वाचून तेच म्हणलं.

हात मोजला. लांबी १९ सेंमी, रुंदी साडेनऊ. आन आज खेळताना मुद्दाम बघितलं तर मी तळहात पूर्ण टेकवतो, बोटं सपाट. सेटिंग पण ८०० आन १.२ केली, पहिले दोन मॅच काहीच लागंना पण तिसऱ्यात हात मोकळा वाटला. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, ११.६ च्या वर माझ्या बोटाची टोकं बाहीर जायलीत. मंग आता?

छोटा_हात_संभाजीनगर

मग तुमच्यासाठी मोठाच बरोबर. १९ सेंमी आणि पाम ग्रिप असेल तर डेथअॅडर इसेन्शिअल बघा. उजव्या हाताचा उतार आहे, पाठ उंच आहे, तळहात भरून बसतो. ६४०० डीपीआय आहे, तो तुम्हाला ढीग झाला. ९६ ग्रॅम आहे, जी१०२ पेक्षा थोडा जड. चौदाशे-पंधराशेच्या आसपास मिळतो, सेल लागला की अजून कमी. शक्य असेल तर परभणीला एखाद्या दुकानात दोन्ही हातात धरून बघा, पाच मिनिटं नुसता हात ठेवून बसा, लाजू नका.

उदगीर_एफपीएस

माझा सल्ला मागं घेतो. तळहात टेकवत असंल तर ताई म्हणतात ते खरं. आन राहिलेल्या पैशात कापडी पॅड घे, ४५ बाय ४० सेंमीचा तरी, कमी सेन्सिटिव्हिटीला जागा लागती. काचेच्या टेबलावर नाहीतर चकाकत्या रेक्झिनवर सेन्सर गडबडतो.

सोल्डर_नांदेड

बिल जपून ठेवा, वॉरंटीला तेच लागतं. वायर टेबलाच्या कडेला घासत असेल तर मॉनिटरच्या पायाला रबर बँडनं सैल अडकवा, माउसकडं वीतभर मोकळी सोडा.

जिंतूरचा_पोरगा

मंडळी, सतरा दिवस झाले. परभणीला गेलो होतो, दोन दुकानं फिरलो, दुसऱ्यात दोन्ही डब्बे उघडून दाखवले. जी१०२ धरला की अंगठा आन करंगळी आत ओढून घ्यावी लागत होती, डेथअॅडरवर हात नुसता सोडून दिला तरी बसला. तोच घेतला, १४५० ला. पॅड ३०० चा. बजेटच्या वर गेलं पण ठीक आहे.

कीबोर्ड वर घेतला, खुर्चीवर आईनं जुन्या गोधडीची घडी करून दिली. सेन्सिटिव्हिटी आता ०.८ वर आहे. मुंग्या ह्या आठवड्यात एकदाच आल्या, त्या पण ज्या दिवशी केंद्रावर रात्री साडेनऊ झाले त्या दिवशी. टॅबचं सोबतच्या पोरालाही शिकवलं, तो पण हात धरून बसायचा.

नांदेडच्या दादांना एक विचारायचंय, जुन्या माउसचा स्विच बदलून मिळंल का? केंद्रावर एक माउस कायम कमी पडतो.

सोल्डर_नांदेड

मिळेल की. पण त्याच मापाचा, तीन पायांचा स्विच लागतो, माउस उघडून बघावा लागेल. नांदेडला येणं झालं तर घेऊन या, अर्ध्या घंट्याचं काम आहे. डावं बटण बदलताना उजवंही बदलून टाकू, ते पण तेवढंच जुनं आहे.