फ्रीलान्सरकडून काम घेताना कॉपीराइट पूर्णच घ्यावा का? (चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

करारकुंडली
लोगो, वेबसाइटचा कोड, चित्रं, मजकूर बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचा, बिल चुकतं करायचं आणि हक्क आपोआप आपले झाले असं धरून चालायचं, हा कंपन्यांचा जुना खाक्या. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, हे बऱ्याच देशांत खरं आहे. फ्रीलान्सर मात्र कर्मचारी नसतो. त्याच्या कामाचा पहिला मालक सहसा तोच, आणि हक्क कंपनीकडे यायचे तर सहीनिशी लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क लिहून देणं, हवं. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तसं आहे, भारताच्या १९५७ च्या कायद्यातही आहे. पैसे मिळाल्याची पावती म्हणजे असाइनमेंट नव्हे.

दुसरा घोळ नेटवरून उचललेल्या ‘वर्क मेड फॉर हायर’ या कलमाचा. करवून घेतलेलं काम पहिल्यापासून करवून घेणाऱ्याचंच, ही अमेरिकी संकल्पना. तिथेही बाहेरच्या माणसाच्या कामाला ती लागू व्हायची तर ते काम कायद्यातल्या नऊ प्रकारांपैकी असावं लागतं (भाषांतर, संकलन, चित्रपटाचा भाग, पाठ्यसाहित्य वगैरे), शिवाय दोघांच्या सह्यांचा कागद लागतो. सुटा लोगो त्या यादीत नाही. १९८९ साली रीड या शिल्पकाराच्या खटल्यात कर्मचारी कोण हे ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते हे: हत्यारं कोणाची, जागा कोणाची, वेळ कोण ठरवतं, नोकरीसारखे लाभ मिळतात का. शिल्प संस्थेने सांगून करवून घेतलं होतं, तरी रीड तिचा कर्मचारी ठरला नाही.

माझं मत: प्रत्येक कामात पूर्ण असाइनमेंट, आणि तीही काम सुरू होण्याआधी. काम झाल्यावर सही मागितली की भाव वाढतो.

रेघोट्या
भाव वाढतो, कारण तुम्ही मागता ती वस्तूच मोठी आहे. लोगो पूर्ण घ्या, त्याबद्दल वाद नाही. तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा असतो, त्याचा कॉपीराइट तिसऱ्याच्या हातात ठेवून कसं चालेल? पण तीन महिन्यांच्या जाहिरातीसाठी काढलेल्या चित्राचे तहहयात, जगभरचे, सर्व माध्यमांतले हक्क कशाला हवेत? त्याला लायसन्स, म्हणजे मालकी न घेता वापराची परवानगी, पुरतं. चार गोष्टी लिहा: कोणतं माध्यम, कोणता प्रदेश, किती मुदत, एक्सक्लुझिव्ह (फक्त तुम्हालाच) की नाही. पुढे पॅकेजिंगवर छापायचं ठरलं तर जादा रक्कम द्या. ‘सगळं आमचं’ हे कलम बहुतेक वेळा गरजेतून येत नाही. गरज काय ते ठरवायचा कंटाळा असतो.

शिवाय ‘पूर्ण’ म्हणजे वाटतं तेवढं पूर्ण नसतंच. जर्मनीत लेखकाचा (म्हणजे काम निर्माण करणाऱ्या कोणाचाही) मूळ हक्क करारान्वये हस्तांतरित होत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. अमेरिकेत लेखकाने स्वतः दिलेली असाइनमेंट साधारण ३५ वर्षांनी नोटीस देऊन मोडता येते. नाव लावण्याचा आणि विद्रूपीकरण रोखण्याचा नैतिक हक्क भारतात असाइनमेंटनंतरही लेखकाकडेच राहतो.

तळटीप
लायसन्सची खरी परीक्षा कंपनी विकताना होते. खरेदीदाराचे वकील कामांची यादी काढतात आणि प्रत्येकापुढे कागद मागतात. लायसन्स दुसऱ्याला देता येईल असं लिहिलेलं नसेल तर ते नव्या मालकाकडे जाईल याची खात्री नसते, आणि त्या फ्रीलान्सरला तेव्हा गाठून सही घेणं म्हणजे त्याच्या अटींवर घेणं. नॉन-एक्सक्लुझिव्ह लायसन्सधारकाला नक्कल करणाऱ्यावर स्वतःच्या नावाने दावा लावणंही बहुतेक ठिकाणी अवघड. म्हणून लायसन्सच घ्यायचं तर ‘हस्तांतरणीय’ आणि ‘सब-लायसन्सचा अधिकार’ (तीच परवानगी पुढे इतरांना देण्याचा) हे दोन शब्दप्रयोग नसतील तर सही करू नये.

जाता जाता: हाच खड्डा संस्थापकांच्या पायाखाली असतो. कंपनी नोंदवण्याआधी लिहिलेला कोड लिहिणाऱ्याचा असतो, कंपनीचा नव्हे. फ्रीलान्सरच्या मागे लागण्याआधी स्वतःची असाइनमेंट करून टाका.

उलटतपासणी
भीती जरा जास्तच घातली जातेय. कागद नसला तरी न्यायालय हात झटकत नाही. डॉक मार्टेन्स बुटांच्या एका लोगोचा ब्रिटनमधला खटला घ्या. जाहिरात संस्थेने फ्रीलान्स डिझायनरकडून लोगो करून घेतला, लेखी काहीच नव्हतं. पुढे डिझायनरने हक्क ऑस्ट्रेलियातल्या प्रतिस्पर्ध्याला लिहून दिले. २००५ साली अपील न्यायालयाने निकाल दिला तो बूट कंपनीच्या बाजूने: काम कशासाठी चाललंय हे दोघांना ठाऊक होतं, तेव्हा मालकी ग्राहकाकडे जाणार हे गृहीतच.

करारकुंडली
निकाल बरोबर, धडा उलटा. एका पानाच्या कागदासाठी अपिलापर्यंत जावं लागलं! आणि न्यायालय गृहीत धरतं ते गरजेपुरतंच. लोगो कोणाला वापरू न देता वापरायचा तर मालकीच लागते, म्हणून तिथे मालकी मिळाली. वेबसाइटचा कोड किंवा लेख असता तर फार तर वापरायची परवानगी मिळाली असती.

सेमीकोलन
कोडच्या बाबतीत दोन्ही बाजू मुद्दा चुकवताहेत. प्रोग्रामर जे हवाली करतो त्यात तीन थर असतात. तुमच्यासाठी नव्याने लिहिलेलं. त्याने आधीच लिहून ठेवलेलं, जे तो दर कामात वापरतो. आणि तिसऱ्यांचं, म्हणजे ओपन सोर्स लायब्ररी (कोणालाही अटींसह वापरता येणारा तयार कोड), फॉन्ट, स्टॉक फोटो. पहिल्या थराची असाइनमेंट घ्या. दुसऱ्याची मागितलीत तर तो उद्या दुसऱ्या ग्राहकाचं काम करूच शकणार नाही. तिथे कायमचं, जगभरचं, नॉन-एक्सक्लुझिव्ह लायसन्स घ्या. तिसरा थर त्याच्या मालकीचाच नाही, तो देणार काय? जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालचा कोड आत असेल आणि तुम्ही प्रॉडक्ट ग्राहकांना वाटलंत, तर त्यावर बेतलेल्या तुमच्या कोडचाही सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, द्यायची अट अंगावर येते. डेस्कटॉपसाठी घेतलेलं फॉन्टचं लायसन्स वेबसाइटला सहसा चालत नाही.

म्हणून कराराला परिशिष्ट जोडा: घटकाचं नाव, आवृत्ती, लायसन्स, कुठे वापरला. आता पाचवा रकानाही हवा: कोणता भाग एआयने बनवला. अमेरिकेत मानवी लेखक नसलेल्या कामाला कॉपीराइट मिळत नाही. २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही ते उचलून धरलं. जो हक्क जन्मलाच नाही त्याची असाइनमेंट कितीही झोकात लिहिली तरी रिकामीच.

रेघोट्या
हे पटलं. आणि भारतात असाइनमेंट घेणाऱ्यांनी कायद्याचं कलम १९ वाचावं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो संपतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करारावेळी अस्तित्वात नसलेलं किंवा व्यावसायिक वापरात नसलेलं माध्यम त्यात नाव घेऊन लिहावं लागतं. ‘सर्व हक्क कंपनीचे’ या एका ओळीवर विसंबलेल्यांच्या हातात सहाव्या वर्षी काय उरतं ते बघा. उलट फोटो, व्यक्तिचित्र, चित्रपट मोबदला देऊन करवून घेतला असेल तर तिथे वेगळा करार नसताना पहिला मालक ग्राहकच. छायाचित्रकारांनी त्यामुळे आधीच लिहून घेतलेलं बरं.

तळटीप
शब्दरचनेचंही बघा. ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ हे भविष्यातलं वचन, ‘याद्वारे हक्क देत आहे’ हे प्रत्यक्ष देणं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पेटंटवादात हाच फरक नडला: संशोधकाने विद्यापीठाला पहिलं लिहून दिलं होतं, एका कंपनीला दुसरं. सह्या विद्यापीठाच्या कागदावर आधी झाल्या होत्या, तरी वरचढ ठरला कंपनीचाच कागद.

रेघोट्या
‘याद्वारे देत आहे’ वर पहिल्याच दिवशी सही करायची आणि शेवटचा हप्ता बुडाला तर? हक्क गेलेले, हातात फक्त थकबाकीचा दावा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याच्या क्षणी हक्क आपोआप जातील, वेगळ्या सहीची गरज नाही, असं लिहा. तोवर कंपनीला फक्त तपासणीसाठी वापराची परवानगी.

करारकुंडली
कंपनीला ते परवडत नाही. २०० रुपयांच्या वादातही प्रॉडक्टची मालकी लटकेल. हप्त्यागणिक करा: ज्या टप्प्याचे पैसे मिळाले, त्या टप्प्यातल्या कामाचे हक्क गेले. काम मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मान्य, म्हणजे ‘आवडलं नाही’ म्हणून पैसे अडवता येणार नाहीत. आणि सोर्स फाइल, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइल (व्हेक्टर, लेयर) आणि रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, ताबा, याच टप्प्यात द्यायच्या हे वेगळं लिहा. कॉपीराइट मिळाला म्हणून फाइल मिळतेच असं नाही.

रेघोट्या
टप्पे मान्य. सोर्स फाइलचे पैसे मात्र वेगळे.