प्रतिसाद : नीटची तयारी आणि बोर्डाचं फिजिक्स

दादा, तुम्ही लिहिलंय की बहीण लातूरला नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी करतेय, म्हणून महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्सची वेगळी काळजी नको. मला हे पटत नाही. पेपर ७० मार्कांचा असतो, त्यात बहुपर्यायी प्रश्न फक्त १० मार्कांचे. बाकी सगळं लिहायचं आहे, अन् लिहायचीच सवय या मुलांना राहिलेली नसते. माझ्या पुतणीचं असंच झालं. उत्तर तोंडपाठ, पण डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) कागदावर उतरवायला बसली की आकृतीपाशीच अडायची. मग आम्ही रोज एकच डेरिव्हेशन, पुस्तक मिटून, आकृतीसकट लिहायला लावलं. महिन्याभरात हात बसला.

बहुपर्यायी प्रश्नांतही एक मेख आहे. नुसतं ‘ब’ लिहून मार्क मिळत नाही. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं, आणि पहिलाच प्रयत्न धरतात. ओएमआरची, म्हणजे नुसते गोळे रंगवायची सवय लागलेली पोरं इथं हकनाक मार्क घालवतात.

लॉग टेबलचंही (लॉगरिदमच्या तक्त्याचंही) तसंच. कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे गणितं आतापासूनच लॉगने सोडवायला सांगा. वर्गमूळ हवं असेल तर लॉग काढायचा, निम्मा करायचा, मग अँटीलॉग. सोपं आहे, पण परीक्षेत पहिल्यांदा करायला गेलं की वेळ जातो.

प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांसाठी जर्नल (प्रयोगवही) वेळेत पूर्ण असू द्या. ताईला डेरिव्हेशनची सुरुवात रोटेशनल डायनॅमिक्सपासून (फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीच्या धड्यापासून) करायला सांगा.